साडीतला षड्ज

प्रयोगाला वीस मिनिटं उरली की मी कॉर्सेटची दोरी दोन बोटं सैल करतो. आरशात कंबर लगेच जाड दिसायला लागते. शेजारी तयार होणारी मैत्रीण म्हणते, “अगं, एवढा वेळ घालवून आवळलंस आणि आता सोडतेस?” मी मान हलवतो, फोनवरचा तानपुरा कानाशी धरतो आणि हळूच काळी एकचा षड्ज, म्हणजे माझ्या पट्टीतला ‘सा’, लावून बघतो. तो नीट बसला की मगच उठायचं. घट्ट आवळलेल्या कमरेतून तो बसत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मी ख्याल शिकतो. अकराव्या वर्षी सुरुवात केली, अजून शिकतोच आहे. आणि गेली सहा वर्षं मी साडी नेसून, नथ घालून, डोळ्यांवर खोट्या पापण्या चिकटवून लोकांसमोर गातो. पहिल्या गोष्टीला आपल्याकडे साधना म्हणतात आणि दुसरीला आजकाल ड्रॅग म्हणतात. दोन्हींची शिस्त कडक आहे. पण माझ्या शरीरात बेंबीच्या आसपास चार बोटांची एक जागा आहे, तिथे त्या दोघींचं भांडण होतं. गुरुजींनी पहिलं वर्षभर पहाटे फक्त खर्ज लावून घेतला. “गळ्यातून नको, बेंबीतून येऊ दे,” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! खालचे स्वर लावताना पोट मोकळं हवं, श्वास खाली उतरायला हवा. आणि ड्रॅगमध्ये मला पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं ते नेमकं तीच जागा आवळून बांधायला.

ज्यांना ध्वनिमुद्रित गाण्यावर फक्त ओठ हलवायचे असतात त्यांना ही अडचण येत नाही. बहुतेक ड्रॅग कलाकार तेच करतात आणि त्यातही मोठं कौशल्य आहे, मी ते कमी लेखत नाही. पण मला स्वतः गायचं होतं. शेवटी उपाय सापडला तो नऊवारीत. कमरेची गाठ बेंबीच्या खाली बसते, काष्टा मागे खोचला की पाय मोकळे होतात, आणि पोटावर फक्त निऱ्यांचा भार राहतो. पहिल्यांदा मावशीने मला नेसवून दिली तेव्हा मी उभ्या उभ्या यमनचा आलाप घेतला आणि मंद्रातला निषाद आपोआप खाली जाऊन टेकला. मावशी निऱ्या खोचता खोचता थांबली. तिला रागबिग कळत नाही. “आता बरोबर वाटतंय,” एवढंच म्हणाली. साडीबद्दल म्हणाली की सुराबद्दल, ते मी विचारलं नाही.

आता सगळे प्रयोग मी नऊवारीतच करतो. कॉर्सेट उरलं आहे ते फक्त एका इंग्रजी गाण्यापुरतं.

आवाजाचं काय करायचं, हा त्याहून अवघड प्रश्न होता. पडद्यामागून मी बाहेर येतो, पदर सावरतो, आणि लोक बारीक, उंच आवाजाची वाट बघत असतात. सुरुवातीला मीही तसा काढायचो. खोटा आवाज लावून दोन पट्ट्या वर जायचं. तीन-चार महिन्यांत गळा बसायला लागला आणि त्याहून वाईट म्हणजे स्वराला गोलाई राहिली नाही. खोट्या आवाजात स्वर लागतो, पण त्यात मींड ओढायला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जायला गेलं की मधेच भोक पडतं. मग एका रात्री मी माझ्या पट्टीत, माझ्याच आवाजात गायलो. सभागृहात क्षणभर गडबडल्यासारखी शांतता झाली. मग कुणीतरी “वा” म्हणालं. त्या शांततेत मला जे समजलं ते शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्राला चांगलं ठाऊक होतं: बाई उभी करायला आवाज बारीक करावा लागत नाही.

बालगंधर्वांनी तो बारीक केला नव्हता. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म २६ जून १८८८. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिले. त्यांच्या तबकड्या आज सहज ऐकायला मिळतात. कान देऊन ऐका. तो पुरुषाचाच आवाज आहे, गोड आहे, मुलायम आहे, पण कुणाची नक्कल करत नाही. बाईपण आहे ते शब्द सोडण्यात. ओळ संपवताना शेवटचं अक्षर टाकून न देता खाली ठेवण्यात. एखादी छोटी मुरकी घेऊन लगेच थांबण्यात, जणू जास्त बोललो की काय असं वाटून. तान कधी लांबत नाही, कारण ‘स्वयंवर’ नाटकातली रुक्मिणी लांब तान घेणार नाही. हे सगळं गाण्यातूनच येतं, आणि ते तालमीशिवाय येत नाही.

ही तालीम त्यांना दिली भास्करबुवा बखल्यांनी. बुवा म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची विद्या पचवलेला गवई. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ असे त्यांचे गुरू. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज त्यांनीच सुरू केला. हे सगळं संगीताच्या पुस्तकांत असतं. पण या कहाणीतला मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग अगदी सुरुवातीचा आहे. भास्करबुवा लहानपणी स्वतः किर्लोस्कर मंडळीत होते आणि ‘रामराज्यवियोग’ नाटकात कैकेयी करत. मग वयात येताना आवाज फुटला, आणि ज्या गळ्यासाठी कंपनीत घेतलं होतं तोच गळा गेला. तिथून ते गाणं शिकायला बाहेर पडले.

म्हणजे ज्या गुरूने बालगंधर्वांच्या रुक्मिणीला राग दिले, त्याने स्वतः कधीकाळी लुगडं नेसून रंगमंचावर उभं राहून पाहिलं होतं. शिकवताना त्यांना ते आठवत असेल का? मला वाटतं, आठवत असणार. ‘स्वयंवर’ १९१६ साली आलं. त्यातल्या पदांना बुवांनी नुसत्या चाली लावल्या नाहीत, ख्यालाच्या बंदिशींचा जीव त्यांत ओतला. यमन, भीमपलास, बिहाग यांसारखे भरदार राग एका लग्नाळू मुलीच्या तोंडी दिले. गवयांच्या बैठकीतला राग साडी नेसून हजार लोकांसमोर आला, आणि ज्यांनी आयुष्यात ख्याल ऐकला नव्हता त्यांच्या घरात तो गुणगुणला जाऊ लागला. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष. एवढी साथ आज मोठ्या संगीत महोत्सवातसुद्धा सहज जुळून येत नाही.

आणि हे एकट्या बालगंधर्वांपुरतं नव्हतं. मी ज्या घराण्यात शिकतो त्या किराण्यात अब्दुल करीम खाँसाहेबांचे थोर शिष्य सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांनी कितीतरी वर्षं संगीत नाटकांतून स्त्रीभूमिका केल्या. भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल त्यांचे शिष्य. दर वर्षी त्यांच्या नावाने पुण्यात महोत्सव भरतो, तिथे मी मांडी घालून रात्री जागवल्या आहेत. मास्टर दीनानाथांचा तो आक्रमक, विजेसारखा गळा आपण आठवतो. तोही स्त्रीभूमिकेतून लोकांसमोर आला. त्याच्या आधीच्या पिढीत भाऊराव कोल्हटकर होते. माझ्या तानपुऱ्यामागे ज्यांच्या तसबिरी लागतात, त्यांच्यातल्या अनेकांनी कधी ना कधी नथ घातलेली आहे.

नथीवरून आठवलं. चापाची नथ घालून गाणं हा वेगळाच रियाज आहे. चाप एका नाकपुडीवर दाबून बसतो आणि ‘न’ आणि ‘म’ या दोन अक्षरांची वाट अर्धी बंद होते. आता रुक्मिणीच्या पदातले ‘नाथ हा माझा’ हे तीन शब्द म्हणून बघा, म्हणजे माझी पंचाईत कळेल. मी घरी नथ घालून रियाज करायला लागलो, स्वयंपाकघरात, भांडी घासताना. महिनाभराने अक्षरं सुटी झाली. जुन्या मंडळींनी काय केलं असेल ते लिहून ठेवलेलं मला कुठे सापडलं नाही. असल्या गोष्टी कोण लिहितं!

पण मला खरं सांगायचं आहे ते याच्याही मागचं. मी अकरा वर्षांचा होतो, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत गुरुजींसमोर बसलो होतो, आणि मला पहिली बंदिश मिळाली ती यमनमधली, ‘एरी आली पिया बिन’. बोलणारी आपल्या सखीला सांगते आहे, पिया दूर आहे, त्याच्याविना घडीभर चैन नाही. त्यानंतर जेवढ्या बंदिशी आल्या त्यांतल्या बहुतेकींत बोलणारी बाईच होती. सासू-नणंद जाग्या आहेत, पैंजण वाजतील, कसं येऊ? सौतन आली, माझ्याशी बोलू नका. कान्हाने वाटेत घागर फोडली. मोठमोठे मिशाळ खाँसाहेब, पगडीवाले बुवा, सगळे शतकानुशतकं बाई होऊन गात आले आहेत आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलेलं नाही. मलाही नाही वाटलं. गुरुजी फक्त म्हणायचे, “शब्द कुणाचे आहेत बघ. ती कुठे उभी आहे, बघ. दारात आहे की पाणवठ्यावर?”

मी बघायचो. खूप मनापासून बघायचो. ती मला दिसायची. तिच्या पायातलं पैंजण मी पायात असल्यासारखं ऐकायचो. वर्गातल्या बाकीच्या मुलांना तसं होत नव्हतं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मी साडी नेसायला लागलो तेव्हा लोकांना वाटलं की मी गाण्यात काहीतरी बाहेरून आणून घातलं. माझ्या लेखी मी काहीच घातलं नाही. गुरुजींनी सांगितलं तसं बघत गेलो आणि एक दिवस ती उभी होती तिथे जाऊन उभा राहिलो.

तीन वर्षांपूर्वी एका गावातल्या संगीत संस्थेने मला नाट्यपदांच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. झब्बा घालून गायचं होतं, त्याला माझी काही हरकत नव्हती. पदंही ठरली होती, सगळी रुक्मिणीची आणि ‘एकच प्याला’तल्या सिंधूची. आठवडाभर आधी कुणीतरी त्यांना माझा नऊवारीतला फोटो दाखवला. फोन आला. बोलणारे गृहस्थ सभ्य होते, वयस्कर होते. “तुमच्या गाण्याबद्दल प्रश्नच नाही हो,” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. कार्यक्रम रद्द झाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ माझे हात थरथरत होते. अपमान झालाच होता, पण जास्त त्रास त्या वाक्याचा झाला. गाण्याबद्दल प्रश्न नाही. म्हणजे झब्ब्यातला पुरुष ‘नाथ हा माझा’ म्हणून गहिवरला तर ती परंपरा, आणि तोच पुरुष, तोच यमन, तोच श्वास साडीत दिसला की अडचण. गाणं घेतलं आणि साडी घडी करून पेटीच्या तळाशी ठेवून दिली, असं काहीतरी आपण या सगळ्या वारशाचं करून टाकलं आहे.

पुण्यातलं बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी उघडलं, त्यांच्या ८०व्या जन्मदिनी. आदल्याच वर्षी १५ जुलैला ते गेले होते. तिथे गोपाळ देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं, एक स्त्रीवेषातलं. मी कॉलेजात असताना नाटक सुरू व्हायच्या आधी त्यांच्यासमोर उभा राहायचो. कितीही वेळ बघितलं तरी मला दोघांतलं एक खरं आणि दुसरं सोंग असं कधी वाटलं नाही. डोळे दोन्हीकडे तेच आहेत. ६ सप्टेंबर २०१८ला समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा ३७७ कलमाबद्दलचा निकाल आला, त्या संध्याकाळी मी एकटाच तिथे जाऊन आलो. नाटक नव्हतंच बघायचं.

बालगंधर्वांना ड्रॅग कलाकार म्हणायचा माझा हट्ट नाही. त्यांच्या काळात तो धंद्याचा रिवाज होता, पोटापाण्याची नोकरी होती, आणि ते मनाने काय होते हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. त्यांनी मोजलेली किंमत मोठी होती एवढं दिसतं. १२ मार्च १९११ला मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग झाला. त्यांनी नायिका भामिनी केली. ही गोष्ट सांगताना लोक कलावंताच्या निष्ठेचं कौतुक करतात. मला ते कौतुक नीट झेपत नाही. मी फक्त त्या रंगपटातल्या आरशाचा विचार करतो. चेहऱ्यावर रंग चढवायचा म्हणजे आधी चेहरा कोरडा असावा लागतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती टाळून मला पुढे जाता येत नाही. ज्या काळात पुरुष रुक्मिणी आणि सिंधू होऊन घराघरांतल्या बायकांना साडी कशी नेसावी हे शिकवत होते, त्या काळात गाणाऱ्या बायकांना त्याच रंगमंचावर मानाने उभं राहता येत नव्हतं. ‘एकच प्याला’ १९१९ साली बडोद्याला पहिल्यांदा झालं, नाटककार गडकरी गेल्यानंतर महिन्याभरात. सिंधूची पदं ऐकून प्रेक्षागृहं रडली. त्यांतल्या चालींत गायिका सुंदराबाई जाधवांकडून आलेल्या चाली होत्या. बाईची चाल पुरुषाच्या गळ्यातून कुलवतीच्या तोंडी गेली, आणि ज्या बाईची ती चाल, तिला कुलवती म्हणून समोर येण्याची सोय नव्हती. १९२९च्या सुमारास हिराबाई बडोदेकर नाटकात उतरल्या, त्याही किराण्याच्या. तोवर हे असंच चाललं. मी नऊवारी नेसतो तेव्हा त्या साडीवर हेही ओझं असतं. आज ज्या जागी मी उभा राहतो ती कुणा बाईला नाकारून मिळालेली नाही, याची मला खात्री करून घ्यावी लागते. माझ्या प्रयोगात सारंगी वाजवणारी मुलगी आहे, आणि मधल्या भागात अर्धा तास ती आणि तिची बहीण गातात, मी विंगेत बसून ऐकतो. हे पुरेसं आहे असं मी म्हणत नाही.

गुरुजींना मी स्वतःच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगावं म्हणून. ते ऐकत होते, तंबोऱ्याची जवारी बघत होते, दोऱ्याचा तुकडा तारेखाली सरकवत होते. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “बरं. मारव्याचा धैवत काल चढा लागत होता.” आणि शिकवणी सुरू झाली. त्यानंतर दोन वर्षं तो विषय निघाला नाही. ना नाराजी, ना चौकशी. त्या दोन वर्षांत मी त्यांच्या प्रत्येक वाक्यात काही दडलंय का ते शोधत असे.

गेल्या वर्षी मी अख्खा प्रयोग ‘स्वयंवर’मधल्या पदांचा केला. भीत भीत त्यांना बोलावलं. “आता रात्रीचं येणं होत नाही रे,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “काय गायलास ते पाठव मला. नुसता आवाज पाठव, बाकी नको.”

मला लागलं ते. घरी येताना सबंध वाट तेच डोक्यात होतं. नुसता आवाज. त्या संगीत संस्थेतले गृहस्थ आणि माझे गुरुजी, दोघांनाही हवा होता तो आवाजच. तरी मी पाठवला. यमनपासून भैरवीपर्यंत, पूर्ण दीड तास, काहीही न कापता.

पाच दिवसांनी सकाळी फोन आला.

“ऐकलं. दोनदा ऐकलं. बिहागात घाई केलीस.”

“हो गुरुजी.”

“यमन चांगला झाला. निषाद छान उभा राहिला. पण एक सांग, समेवर हात खाली येतो का तुझा?”

मी विचार केला. येतो. पदराजवळचा डावा हात समेला, तालाच्या पहिल्या मात्रेला, खाली येतो. मला स्वतःलाही ते तोवर माहीत नव्हतं.

“येतो.”

“बांगड्या समेच्या मागून वाजतात. हात जरा आधी सोड. काचेच्या आहेत ना?”

“हो.”

“किती घालतोस?”

“सहा. डाव्या हातात.”

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मागे त्यांचा तंबोरा लावलेला ऐकू येत होता.

“चारच घाल,” गुरुजी म्हणाले. “आणि हिरव्या घाल. रुक्मिणी आहे ना ती.”